तुमच्या चालीच्या जागी

गुरुजी, तुम्ही गेल्याला तीस वर्षं झाली, तरी माझी एक तक्रार राहिलीच आहे. अजून डोळ्यांपुढे आहे, बसवकल्याणच्या तुमच्या स्वयंपाकघरात मी वेदांचा क्रमपाठ शिकतोय: पहिलं पद दुसऱ्याला जोडायचं, दुसरं तिसऱ्याला, तिसरं चौथ्याला. तुम्ही ज्वारीची भाकरी थापताय, त्याच ठेक्यात म्हणताय आणि भाकरी उलथताना थांबताय. आम्ही दोघं शिष्यही तिथंच थांबतो, शास्त्र समजून. मी अडखळलो की परातीतला हात थबकायचा. "पुढचं पद धरल्याबिगर मागचं सोडायलास कामून? भाकरी करपली तर तुझ्याच ताटात." करपलेल्या पुष्कळ खाल्ल्या. पण एक पद हाती असलं की पुढचं आपोआप येतं, हे डोक्यात पक्कं बसलं, आणि त्यानंच घात केला.

आता मी कॉलेजात प्रोग्रॅमिंग शिकवतो. त्यात लिंक्ड लिस्ट म्हणून एक प्रकार आहे, तुमच्या क्रमाचा चुलतभाऊच: प्रत्येक खणात एक वस्तू आणि पुढच्या खणाचा पत्ता. परवा वर्गात एका जुन्या खणाचा पत्ता मी जपून ठेवला, यादीतलं सगळं काढून त्याच नावाखाली नवं भरलं, आणि जपलेल्या पत्त्यावर जुनं वाचायला गेलो. प्रोग्रॅम कोसळला. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर, जुना खण मोडला की. तुमी त्याचा पत्ता धरून कामून बसलाव?" सवय आहे, म्हणालो. वर्ग हसला.

मला हसू आलं नाही, कारण मागच्या उन्हाळ्यात तुमची लेक, आमच्या अक्का, मोबाइल घेऊन दारात आल्या होत्या. "अप्पाची चाल आता तुझ्यापशीच हाय. म्हणून दे, भरून घेते." मी आठवडाभराची मुदत मागितली. सात-आठ जोड्या आल्या, पुढचं पद येईना. मग इंटरनेटवर दूरच्या कुणा पंडिताचा पाठ सापडला. तो रोज ऐकून घोकला आणि तुमचा म्हणून भरून दिला. अक्का डोळे पुसत म्हणाल्या, "अप्पाच बसल्यावानी वाटायलंय." रोज सकाळी लावतात म्हणे. काल मी त्या उरलेल्या सात-आठ जोड्या तरी म्हणून पाहिल्या. पदं आली, चाल त्या पंडिताची. तुमची आता कुणाला विचारायची? माझ्याबरोबर शिकलेला एकच होता, तोही गेला. अक्कांना यातलं काही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण हे पत्र कुठं टाकायचं नाही, आणि तुम्ही त्यांना सांगणार नाही.