काय होतं ते सोडून

भवानी पेठ, सोलापूर
१९ जानेवारी २०२५

प्रिय शुभदाअक्का,
सप्रेम जय भीम.

मोबाइलवर तू मला ब्लॉक केलंस, म्हणून पोस्टाची वाट धरली. इकडे सगळे बरे आहेत. यशोधराचा पुढचा दात पडला, तो तिनं तुला दाखवायला डबीत ठेवलाय. धाकटी 'मावशी कवा येनार' म्हणून रोज डोकं खाते. धम्मदीपच्या कारखान्यात शाळांच्या गणवेशांची गडबड सुरू झालीय, त्याला जेवायला सवड नसते. दर थंडीत मंद्रूपहून तुझी शेंगाची चटणी येते, यंदा आली नाही. पोरींना सांगितलंय, मावशीच्या शेंगा अजून वाळल्या नाहीत.

माझी तब्येत बरी आहे. दूध आलं होतं, ते आता आटलं.

गल्लीचं मला काही वाटत नाही. दोन पोरींची आई सहाव्या महिन्याच्या शेवटी रिकामी झाली, की लोक एकच अर्थ काढतात. पण तू? आठवतं, तुझ्या अंगणवाडीच्या बायका घेऊन आपण मंद्रूपच्या बाजारात लेक वाचवायचं पथनाट्य करायचो? मी सासू व्हायचे. शिव्या मात्र खऱ्या पडायच्या. शेवटी तू पुढं येऊन गर्दीला विचारायचीस, "काय हुतं हिच्या पोटात?" आणि अख्खा बाजार ओरडायचा, "पोरगी!"

दवाखान्यातून घरी आले त्या दिवशी तुझा फोन आला. मला वाटलं विचारशील, लई दुखतंय का गं. तू म्हणालीस, "येवढंच सांग, काय हुतं?" बाजारातलाच आवाज, अक्का. मी फोन ठेवून दिला.

आता सगळं सांगते. बाळाला दोन्ही मूत्रपिंडं नव्हती. पोटातलं पाणी आटलेलं, फुप्फुसं वाढलीच नव्हती. जन्मलं तरी श्वासासाठी तडफडून जाईल, असं डॉक्टर म्हणाले. मोकळं करा म्हटलं, की प्रत्येक दवाखान्यात पहिला प्रश्न एकच, "घरी मुली किती?" दोन म्हटलं की कागद परत हातात. पोरींसाठीच्या ज्या कायद्याकरता आपण घसा फोडला, त्याच्याच धास्तीनं मला दारोदार फिरवलं. तो कायदा हवाच, हे मी आजही म्हणेन. पण मला बघून कुणालाच मी दिसले नाही, माझ्या दोन पोरी दिसल्या.

शेवटी सरकारी दवाखान्यात डॉक्टरांचं मंडळ बसलं. त्यातल्या एक बाई नीट बोलल्या. "पूर्वी वीस आठवड्यांच्या पुढं कोर्टात जावं लागायचं. आता बाळात एवढा मोठा दोष असेल तर मंडळाला परवानगी देता येते. पण ठरवायचं तुम्ही. नवऱ्याची सहीसुद्धा लागत नाही."

ते ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. मला रडू फुटलं. सासूबाई तर माझ्या पाया पडल्या. "जगंल तेवढं जगू दे की गं. आपून कोन ठरीवनार?" त्या वाईट नाहीत. त्यांचं बोलणं मला अजून खोडता येत नाही. मला फक्त ते तडफडणं बघवलं नसतं. मी हो म्हणाले, अक्का. दुसऱ्या कुणी नाही, मीच.

नंतर नर्सनं टॉवेलात गुंडाळून हातात दिलं. नखं होती. भुवया होत्या, अगदी बारीक. मी पोरींसाठी म्हणते ते अंगाईचं काहीतरी पुटपुटले, धम्मदीप भिंतीकडं तोंड करून उभा होता.

आता तुझा प्रश्न. उत्तर एका शब्दाचं आहे. मुलगा म्हणाले तर तू धावत येशील, गळ्यात पडशील. मुलगी म्हणाले तर दार लावून घेशील. माझं बाळ एकदा गेलंय. मी खरी की खोटी, हे सांगायला त्याला पुन्हा उभं करणार नाही. म्हणून सासूबाईंनाही सांगितलं नाही. मला आणि धम्मदीपला ठाऊक आहे, तेवढं पुरे.

तू ये. येताना चटणी आण, पोरी वाट बघतात. काय होतं ते सोडून काहीही विचार. त्याचं नाक कुणावर गेलं होतं, असं विचार.

तुझ्यावर गेलं होतं.

अजूनही तुझीच,
प्रतिक्षा