थायरॉईडची बाटली

मंगळवार, संध्याकाळ

घरी सांगितलंय की थायरॉईडची गोळी आहे. आहे उदासीची. पण थायरॉईड कॉलनीत घरोघरी आहे, त्याची कुणाला लाज नाही. म्हणून ठेवतेही थायरॉईडच्याच बाटलीत.

आज टावर चौकातल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, अशा काही गोळ्यांनी मेंदूतलं थायरॉईड हार्मोन वाढतं. उंदरांमध्ये दिसलंय, माणसांचं अजून नक्की नाही. म्हणजे मी अर्धं खरंच बोलले की काय? रस्ताभर हसू येत होतं.

घरी आले तर सासूबाई तीच बाटली हातात घेऊन बसलेल्या. म्हणाल्या, "मला पण आजकल सकाळी उठावंसंच वाटत नाही गं. थायरॉईडच असेल ना?"

बाटली काढून घेतली. त्या स्वयंपाकघरात माझ्या उत्तराची वाट बघताहेत.