बीटर्सच्या चिखलाचा वारस

मी, वेंडल ऑर्वल ट्रॅपनेल, वय चोवीस, कायमचा राहणार वॉर्डेल, नेब्रास्का, सध्या मुक्काम डच हार्बर, अलास्का, खेकड्यांच्या बोटीवर नोकर, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवतो. स्वखुशी अशी की आमच्या कप्तानबाई म्हणाल्या, "लिहिल्याशिवाय कोणी बोटीवर पाय ठेवायचा नाही." काय लिहायचे ते मात्र माझे मी ठरवले आहे. प्रकृती ठणठणीत. डोके ठिकाणावर. शाळा नववीत सोडली ती डोके नव्हते म्हणून नव्हे, एका जागी बसवत नाही म्हणून. आज दारू घेतलेली नाही.

कलम एक. माझा निळा पिकअप थोरली बहीण शेल्बी हिला द्यावा. रिव्हर्स पडत नाही, तेव्हा लावताना पुढचा विचार करून लावावा. "तू आणि तुझी गाडी एकाच जातीची. मागे वळायचं ठाऊकच नाही," हे तिचेच वाक्य, आता भोग म्हणावे. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

कलम दोन. माझे गमबूट बोटीवरच्या ज्याला बसतील त्याला. हे लिहीत होतो तेवढ्यात आमचा आचारी आर्सेनिओ खांद्यावरून वाचून म्हणाला, "अरे शहाण्या, तू बुडशील तेव्हा बूट तुझ्या पायातच असणार ना?" सबब कलम दोन रद्द.

कलम तीन. बीटर्सच्या धावफलकावरची नऊ आकड्याची लाकडी फळी माझ्या खोलीत पलंगाखाली आहे. ती मैदानाला परत करावी. चोरलेली नाही, वाऱ्याने उडून आमच्या अंगणात आली होती. तसाही नऊ आकडा बीटर्सना कधी फारसा लागला नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: बीटर्स हा आमच्या गावचा बेसबॉलचा संघ. आमच्या पणजोबांच्या काळात साखर कारखान्याने काढला, कारण साखरेचे बीट खणणारे लोक रविवारी रिकामे बसले की मारामाऱ्या करत. मैदानाच्या उजव्या कुंपणाला लागून रेल्वेचा फाटा. उंच टोला मालगाडीच्या बीट भरलेल्या वाघिणीत पडला की चेंडू थेट साखरेत गेला म्हणायचे. पोरे लांबलांबून खेळायला यायची, गावात घरोघरी राहायची. आमच्या तळघरात डोमिनिकन देशाचा विल्किन राहिला. तीन उन्हाळे आमचा सगळा भात त्याने संपवला आणि जाताना त्याचा हातमोजा मला दिला. (मोजा शेल्बीच्या पोराला. तेल लावत जा रे.) मोठ्या लीगमध्ये आमचा एकच गडी पोचला आणि उन्हाळा संपायच्या आत परत आला. त्याच्या नावाचा रस्ता आहे.

चार वर्षांपूर्वी मोठ्या लीगवाल्यांनी लहान गावांचे संघ छाटले. दाराला कुलूप, मैदानात गुडघाभर गवत. आता गावाने स्वतःच संघ उभा करायचे ठरवले आहे, पहिला सामना येत्या जूनमध्ये, ग्रेंजर गावाशी. समितीच्या प्रमुख बर्नडीन क्रुकॉबाई. इथून पुढचे सगळे त्यांच्यासाठी आहे.

कलम चार. नवा चेंडू गुळगुळीत असतो, फेकणाऱ्याच्या, म्हणजे पिचरच्या, बोटांतून निसटतो. म्हणून सामन्याआधी प्रत्येक चेंडूला चिखल चोळून त्याची चकाकी काढतात. आमचा चिखल गावचाच, आणि त्याची जागा फक्त ट्रॅपनेलांच्या घरात माहीत. आजोबा ऑर्वल हयातभर चेंडू चोळत आले. जाण्याआधी त्यांनी ती जागा मला दाखवली. मी दुसऱ्या कोणाला दाखवली नाही, आणि हा समुद्र माझ्या ओळखीचा नाही. म्हणून ती जागा मी बर्नडीनबाईंच्या नावे करतो.

बीट क्रीक या ओढ्यावर, कारखान्याच्या वरच्या अंगाला, जुन्या लाकडी पुलापासून पहिले वळण. एकमेकांवर रेललेली दोन कॉटनवुडची झाडे आहेत. त्यांच्या समोर वाळू बाजूला सारून कोपरभर खाली करडा चिखल लागेल. तो फडक्यातून गाळावा, पिंपात भरावा, वर पाणी ठेवून हिवाळाभर मुरू द्यावा. आणि चाखून घ्यावा. खरेच. लोण्यासारखा लागला पाहिजे. दाताखाली कचकचला किंवा गोड लागला तर फेकून द्यावा.

कलम पाच. गोड का, ते आता सांगतो. मी जन्मायच्या आधीची गोष्ट. ग्रेंजर गावाशी अंतिम सामना होता. त्या साली क्रीक आटली, म्हणून आजोबांनी चिखल कारखान्याच्या सांडपाण्याच्या खालून आणला. त्याच आठवड्यात त्यांचे सगळे दात काढले होते, चाखणार कसे? चिखलात मळी मुरलेली. उन्हात चेंडू असा चिकट झाला की पिचरने फेकला की पायाशीच आपटायचा. वरून गांधीलमाश्या. पंचाने चेंडू हुंगला आणि म्हणाला, "याला पाकाचा वास येतोय!"

सगळ्यांनी माना वळवल्या त्या बर्नडीनबाईंच्या टपरीकडे. त्या पाकातले पॉपकॉर्न करायच्या, कढई रटरटत होती. आजोबा बोलून गेले, "बाईंनी चेंडूंची पेटी कढईजवळ ठेवली असेल." झाले. सामना गेला तो बाईंच्या नावावर. अजूनही कोणीतरी विचारतोच, "काय बाई, आज चेंडू पाकात की चिखलात?" त्या हसून म्हणतात, "तुझ्या जिभेला लावायला थोडा ठेवलाय, ये." पण त्या दिवसानंतर पाकाची कढई त्यांनी चुलीवर ठेवली नाही, आणि ट्रॅपनेलांपैकी कोणाचा फोन उचलला नाही.

आजोबांनी मला हे क्रीकच्या काठावर सांगितले. मी म्हटले, "जाऊन माफी मागा की!"

"इतक्या वर्षांनी? ती मला त्याच कढईत तळेल."

"मग मी सांगतो."

"मी मेल्यावर सांग. तोवर नको रे."

आजोबा गेल्या हिवाळ्यात गेले. म्हणून जाहीर करतो: त्या सामन्यात बर्नडीन क्रुकॉबाईंचा कसलाही दोष नव्हता. शेल्बीने हे कलम समितीच्या बैठकीत, सगळ्यांसमोर, मोठ्याने वाचावे.

इथवर लिहून मी कागद आर्सेनिओकडे सही करायला दिला. त्याने वाचला आणि कपाळाला हात लावला.

"हे उघडणार कधी?"

"मी मेल्यावर."

"आणि चिखल काढायचा कधी?"

"बर्फ पडायच्या आत. एकदा क्रीक गोठली की..."

"म्हणजे तू जगलास तर म्हातारीला काहीच मिळणार नाही, आणि मेलास तर बर्फ पडल्यावर मिळणार. बाळा, तुझ्या आजोबांसारखंच झालं की हे. सगळं मेल्यावर!"

माणूस भात बरा करतो एवढेच मी समजत होतो.

कलम सहा. सबब कलम तीन, चार आणि पाच यांना माझ्या मरणाची वाट पाहायची गरज नाही. ती टपालाने पोचतील त्या दिवसापासून लागू. पिकअप मात्र मेल्यावरच. शेल्बी, किल्लीला हात लावू नकोस.

कलम सात. जूनमधल्या पहिल्या सामन्याला बर्नडीनबाईंनी कढई चढवावी, अशी विनंती आहे. हुकूम करायची माझी टाप नाही. माझा वाटा बाजूला ठेवावा. मी आलो नाही तर तो ग्रेंजरच्या पिचरला द्यावा, हात न पुसता.

हे सर्व मी स्वतः लिहिले, वाचले, मला मान्य आहे.

वेंडल ऑ. ट्रॅपनेल
डच हार्बर, अलास्का, १२ ऑक्टोबर २०२४

साक्षीदार:
आर्सेनिओ बाल्देरामा, आचारी. (जागा वाचली, विसरलो.)
टॉयवो लाहती, खलाशी. (मी बूट बघत होतो. बसतात.)

पाकिटावर लिहायचा मजकूर: शेल्बी, मी मेलेलो नाही. तरी उघड. आणि फावडे घेऊन जा.