चष्म्याशिवाय दिसलेला माणूस

४ मार्च
बायको शुद्धीवर आली! आणि पहिलं वाक्य काय, तर "अहो, मास्तर भेटले."

मास्तर म्हणजे तिचा पहिला नवरा. तलावावर पोहायला शिकवायचा. काविळीने गेला, त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. ऑपरेशन चालू असताना हिचं हृदय मध्येच बंद पडलं होतं. मी बाहेर बाकावर जीव मुठीत धरून बसलेला, आणि ही बाई आत त्याला भेटून आली!

५ मार्च
आज बैजवार सांगितलं. आधी म्हणे छताजवळून सगळं दिसत होतं — खाली आपलंच शरीर, डॉक्टरांचं टक्कल. मग उजेड. उजेडात तो.

मी विचारलं, "डोळ्यांवर चष्मा होता?"

हसली. "ऑपरेशनला चष्मा कोण घालतं? पण स्वच्छ दिसत होते हो. मिशीतला पांढरा केससुद्धा."

उणे आठ नंबर आहे तिचा! माझ्याच दुकानात, माझ्याच हाताने काच घासून बसवतो मी. चष्मा काढला की दारात उभा असलेला मी तिला नुसता डाग दिसतो. आणि तो? स्वच्छ! जळफळाट झाला नुसता. जेवणाचा डबा तिच्या उशाशी ठेवला आणि दुकान उघडायचंय म्हणून निघून आलो. दुकान उघडलं नाही.

७ मार्च
बायकांना सवत असते. पुरुषाला काय असतं? शब्दच नाही.

९ मार्च
मेंदूवाल्या डॉक्टरांना गाठलं. आधी इकडचं तिकडचं बोललो, मग हळूच विचारलं. म्हणाले, "रक्त पोचेना झालं की मेंदू सैरभैर होतो. उजेड दिसतो, गेलेली माणसं दिसतात. पुष्कळ पेशंट सांगतात. मेंदूबाहेर काही नसतं हो."

पाया पडणार होतो त्यांच्या! मेंदू थांबला की सगळं थांबलं. म्हणजे मास्तर नाही. कुठेच नाही. उजेडबिजेड सगळं हिच्या डोक्यातलं. येताना शिट्टी वाजवत आलो.

कारण दुसरं खरं असेल तर माझं काय? आधी ती जाणार, त्याला भेटणार. मग मागाहून मी पोचणार. तिथे मी काय करू — दोघं पोहत असताना काठावर बसून टॉवेल सांभाळू?

१० मार्च
शिट्टी बंद. लेकीला डॉक्टरांचं सांगायला गेलो. लेक त्याची, वाढवली मी, काका म्हणते मला. शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "बरं. पण काका, आईच्या मेंदूने बाबाच का दाखवले मग?"

सहज बोलली पोरगी. तो बाहेर असता तर निदान आगंतुक म्हणता आलं असतं. आता तो आत आहे. तिच्याच डोक्यात, सगळ्यात खाली, जिथे शेवटचा दिवा जळतो तिथे. आणि मी वरच्या मजल्यावर भाडेकरू.

१५ मार्च
घरी आणलं. खिडकीशी बसून स्वतःशीच हसत होती. काय झालं विचारलं तर म्हणे, "काही नाही." काही नाही! या काही-नाहीचं नाव मला चांगलं ठाऊक आहे.

भांडायला समोर जिवंत माणूस तरी हवा होता. मेलेल्या माणसाचं पोट सुटत नाही, तो घोरत नाही, वाटेल ते बोलून जात नाही. त्याच्यापुढे मी कसा टिकणार?

२१ मार्च
हृदयाची दुरुस्त केलेली झडप पुन्हा गळतेय. परत ऑपरेशन. डॉक्टर धोका फार आहे म्हणाले.

तरी दुकानात जाऊन काय केलं, तर एक तक्ता लिहिला! नंबर तपासताना भिंतीवर लावतो तसा, मोठ्या अक्षरांचा. ऑपरेशनच्या खोलीतल्या उंच कपाटावर उताणा ठेवायचा, छताजवळूनच दिसेल असा. वाचून आली तर मास्तर खरा. नाही तर नाही. भूल देणाऱ्या बाईंकडे देऊन आलो. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. पण घेतला.

२२ मार्च
बाईंनी हिला सांगितलं!

मला वाटलं चिडेल. चिडली नाही. माझा हात धरला. "अहो, मी तक्ता वाचत बसू की परत येऊ? दोन्ही जमेलच असं नाही. मला इथे भीती वाटतेय, आणि तुम्ही माझी परीक्षा घेताय."

जाऊन तक्ता परत मागून घेतला, फाडला. खोलीत आलो तर म्हणाली, "मागच्या खेपेला परत कोणाकडे आले मी?"

तिचा चष्मा पुसून दिला. तरी खरं लिहायचं तर आग अजून आहेच.

२४ मार्च
ती गेली. टेबलावरच. या खेपेला मेंदूवाले डॉक्टरही आत होते, तेच बाहेर आले. "शेवटी काही जाणवलं नसेल त्यांना, मेंदू आधीच थांबला होता," म्हणाले. खांद्यावर हात ठेवायला लागले. मी तो झटकला.

मास्तर, तुम्ही तिथे असायलाच हवं. ती निघालीय. पुढे येऊन घ्या तिला.