चौकात एकटे नाना

जळगाव,
१४ नोव्हेंबर २०२५

ती. राजदीप मामा यांस,
सविनय जयभीम. वि. वि.

तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर गिऱ्हाइकांच्या फोटोंची एवढी रांग असते की भाचीचा निरोप त्यात चेंगरतो, आणि फोनवर छपाईच्या मशीनची घरघर. म्हणून सरळ पत्र. आई दीपनगरला मजेत आहे. मी वसतिगृहाचं पाणीदार वरण पिऊन तग धरून आहे.

आता कामाचं, रागावू नका. माझा डिझाइनचा थिसिस आपल्या शहरांतल्या चौकांवर आहे. जळगाव-धुळ्यात जिथे मान वर करावी तिथे वाढदिवसाचा फ्लेक्स! मध्ये गॉगल लावलेला एक चेहरा, वर नेते, खाली शुभेच्छुकांची खचाखच पट्टी. वाढदिवस नक्की कुणाचा, तेच कळत नाही. फ्लेक्स शांतही असू शकतो हे मला दाखवायचं आहे. पण माझ्या गाईड मॅडम म्हणाल्या की कॉम्प्युटरवर सगळंच छान दिसतं. खऱ्या चौकात, खऱ्या माणसाचा एक लाव आणि लोक थांबून वाचतात का बघ, नाहीतर जानेवारीत परीक्षकांच्या ज्यूरीपुढे उभं राहू देणार नाही. वर्ष वाया जाईल, मामा.

तुमच्या दुकानासमोरची जागा आणि एक खराखुरा वाढदिवस मिळेल का? तुमच्या धंद्याला नावं ठेवते असं समजू नका. ठेवते थोडी, पण मायेने.

मामींना जयभीम. लोभ आहे तेवढा राहू द्या, फ्लेक्सवरून कमी करू नका.

तुमची,
मृणाली


धुळे,
२० नोव्हेंबर

चि. मृणाली हीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र आधी तुझ्या मामीच्या हाती पडलं. त्या दिवसापासून सपना मला 'चेहरे चिकटवणारे' म्हणते आहे. खरं सांगतो, थोडं लागलं. मग दुपारी शटर अर्धं ओढून चौकात गेलो आणि मीच छापलेले फ्लेक्स वाचत उभा राहिलो. मान दुखली, वाचून मात्र एकही झाला नाही.

माणूस मिळाला. आपल्या गल्लीतले अभिमन नाना, एस.टी.चे निवृत्त कंडक्टर. अकरा डिसेंबरला पंचाहत्तर पूर्ण करताहेत. अर्ध्या खान्देशाला त्यांनी 'पुढे सरका' म्हणत गावोगाव पोचवलंय. एकट्याचाच मोठा फोटो येणार असेल तर कितीही शांत करा, म्हणाले. त्यांचं दुखणं एकच, धाकटे भाऊ यादव. ते एरंडोलला असतात. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघांनी कैक वर्षं अबोला धरलाय. शुभेच्छुकांत सख्ख्या भावाचं नाव नसेल तर बाकीची गर्दी कशाला, असं नाना म्हणाले आणि पट्टीच नाकारली. तुझं काम सोपं झालं.

डिझाइन पाठव. महापालिकेची परवानगी मी काढतो. तब्येतीला जप, वरणात तूप घालत जा.

तुझा मामा,
राजदीप


जळगाव,
३० नोव्हेंबर

ती. मामा,
सविनय जयभीम.

सोबत पेनड्राइव्ह. एका बाजूला नानांचा हसरा फोटो, बाकी सगळी पांढरी जागा. तिला कृपा करून हात लावू नका. 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा' काढून टाकल्या, त्या कुणी वाचत नाही. नुसतं 'अभिमन नाना', आणि एवढा मोठा प्रवास कळावा म्हणून खाली '१९५० – २०२५'. मॅडम बघतच राहिल्या. तुम्हालाही आवडेल.

घाईत आहे, पण लोभ पुरता धाडते.

मृणाली


धुळे,
१३ डिसेंबर

चि. मृणाली,
अनेक आशीर्वाद. आधी पाणी पी, मग वाच.

बुधवारी संध्याकाळी फ्लेक्स चढवला. मला इतका आवडला की त्याच्याखालीच चहा घेतला. लोक थांबत होते, अक्षर न अक्षर वाचत होते. दोघांनी तर चपला काढून हात जोडले. काय हा आदर, असं मी सपनाला अभिमानाने सांगितलं.

गुरुवारी सकाळी नानांच्या दारात पांढऱ्या कपड्यांतली माणसं जमली. गल्लीतल्या बेबाबाई कोपऱ्यापासूनच हंबरडा फोडत आल्या. नाना ओट्यावर दाढी करत बसलेले. तोंडाला फेस तसाच ठेवून ते म्हणाले की मी जित्ता शे, रडू नको, चहा पी.

अगं, एक चेहरा, पांढरी जागा, दोन सालं! श्रद्धांजलीचे फ्लेक्स मी रोज छापतो, तरी माझ्या डोक्यात आलं नाही. तुझ्या नाही, मॅडमच्याही नाही. आपण सगळे सौंदर्य बघत बसलो.

फ्लेक्स लगेच उतरवला, पण त्याचा फोटो तोवर मोबाइलवरून एरंडोलला पोचला होता. दुपारी रिक्षातून यादव आबा उतरले, स्वेटर उलटा घातलेला. अंगणात आले तर नाना समोर उभे. आबा म्हणाले की जित्ता शेस तं सांगता येत नव्हतं का. नाना म्हणाले की इतकी वर्षं तू कव्हय इचारं? मग दोघंही रडले, आणि बघणारे आम्हीही. सपनाने वांग्याचं भरीत केलं, आलेले बठ्ठे जेवूनच गेले.

नाना रागावलेले नाहीत. पण तुझ्या ज्यूरीचं काय होणार, या काळजीने मला जेवण गेलं नाही.

तुझा मामा


जळगाव,
१७ डिसेंबर

ती. मामा,
सविनय जयभीम.

पत्र वाचून आधी पोट धरून हसले, मग फार लाज वाटली. जिवंत माणसाच्या दारात मी रडारड घडवली. नानांची फोनवर माफी मागितली. ते म्हणाले की पोरी, एवढी माणसं माझ्यासाठी रडतात हे मला कुठे माहीत होतं!

मॅडम दुसरा फ्लेक्स करायला सांगतात. पहिला लपवायला मात्र मन तयार नाही. मला वाटत होतं, गर्दी हटवली की माणूस दिसेल. गर्दी हटवली तर लोकांना वाटलं, माणूसच गेला. ज्या पट्टीला मी इतके दिवस हसले, ती माणूस आपल्यात असल्याची खूण आहे, मामा. तेव्हा त्या दिवशी जे जे धावत आले, त्या सगळ्यांचे फोटो पाठवा. पांढरी जागा ठेवते, पण खाली ते सगळे नीट ओळीत येतील, प्रत्येकाचं नाव वाचता येईल असे. पहिले यादव आबा.

दोन्ही फ्लेक्स ज्यूरीपुढे लावणार आहे. नापास झाले तर तुमच्याकडे फोटो चिकटवायला येईन. तेव्हाही लोभ असावा.

मृणाली


धुळे,
१२ जानेवारी २०२६

चि. मृणाली हीस,
अनेक आशीर्वाद.

पास झालीस, अभिनंदन! नाना-आबांना घेऊन आम्ही ज्यूरीला जळगावला आलो, ते सार्थकी लागलं. पुण्याचे ते परीक्षक पहिल्या फ्लेक्सपुढे मान खाली घालून उभे राहिले, आणि मागून नानांनी जयभीम घातल्यावर जे काही दचकले, ते आठवून सपना अजून हसते. हा फसला असं लिहायचं ना, असं त्यांनी विचारलं तेव्हा तू म्हणालीस की फसला, पण त्या चौकात लोकांनी थांबून वाचलेला आणि खरा मानलेला हा पहिलाच फ्लेक्स आहे. तिथे परीक्षकांसमोर सांगायचं राहून गेलं. इथे सांगतो, मला तुझा फार अभिमान वाटला.

परतीला आम्ही एस.टी.ने आलो. नाना आणि आबा एका बाकावर, विहिरीचं नाव कुणीच काढलं नाही. एरंडोल आलं, कंडक्टरने हाक दिली. आबा हलेनात. नानांनी जुन्या सवयीने त्यांना आवाज दिला की एरंडोलवाले उतरून घ्या. आबांनी खिशातून पैसे काढले आणि कंडक्टरला म्हणाले की धुळ्यापर्यंत वाढवून दे. नाना बाकावर थोडे सरकले आणि भावाला खिडकीची जागा दिली.

आबा अजून इथेच आहेत. तूही ये. आमचा लोभ तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसला आहे.

तुझा मामा,
राजदीप