पहिली आऊट

गांधीबाग, नागपूर
मंगळवार

प्रिय दीक्षा,

गांधीबागेतून इथल्याच नंदनवन वस्तीत कोणी पत्र पाठवतं का, म्हणून हसशील. हस बापडी. फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस.

ओमप्रकाशजींच्या लेकीनं, रीनानं, आपला मुलांचा ‘शनिवारचा कल्ला’ पुन्हा सुरू करायचं मनावर घेतलंय. तेच लोकल केबलचं चॅनेल, त्यांच्या कापडाच्या दुकानावरचा तोच माळा, सकाळी आठची तीच वेळ. कीबोर्डवर माझी बोटं आता पाच मिनिटांत संपावर जातात, म्हणून मी तुझं नाव सुचवलं. तर तू म्हणालीस, “मावशी, त्या शोचं अन् माहं नाही जमत. तिथं मी कधी जिंकलीच नाही. पहिली आऊट ठरलेलीच.” शाळेत शेकडो पोरांना गाणं शिकवणारी बाई, आणि सातव्या वर्षाचा रुसवा अजून नाकावर! फोन ठेवून मी खूप हसले. मग मात्र ओशाळले. का, ते सांगते.

तेव्हाचं आठव. उन्हाळ्याची सुट्टी, थेट प्रक्षेपण, आणि आवाज येतो म्हणून कूलर बंद. पोरं घामानं निथळायची. माळ्यावर खुर्च्या नव्हत्या, म्हणून संगीत खुर्ची कापडाच्या गठ्ठ्यांवर. सौरव तर बसायच्या ऐवजी गठ्ठ्यावर आडवाच व्हायचा. जिंकणाऱ्याला फ्रॉकचं नाहीतर शर्टाचं कापड. तुझी आई शिलाई मशीन तयार ठेवून टीव्हीसमोर बसायची, आणि तू दर वेळी हात हलवत परत. एकदा पार्वतीबाई मला बाजारात म्हणाल्या, “देवकीताई, माह्या पोरीले एखाद खेपी जिंकू द्या ना.” मी म्हटलं, माझी तर मुलांकडे पाठ असते, मला काय दिसतंय? धादांत खोटं.

पाठ असायची हे खरं. वाजवणारीनं मुलांकडे बघायचं नाही, हा ओमप्रकाशजींचा नियम. पण माझ्यासमोर प्रक्षेपण दाखवणारा तो छोटा टीव्ही असायचा, आणि त्यात गठ्ठा न् गठ्ठा दिसायचा. पहिल्या शनिवारी तू आपल्या पायांनीच आऊट झालीस आणि रडत माझ्याजवळ आलीस. “काहून रडून राहिली वं? बस इथं,” म्हटलं. तू बसलीस, आणि मी ज्या सुरावर थांबले होते, नेमका तोच एका बोटानं दाबलास. एवढ्याशा पोरीचा असला कान! पुढच्या शनिवारपासून तू गठ्ठ्यापासून लांब गेलीस की मी कीबोर्डवरून हात उचलायची. खेळ संपेपर्यंत तू मला शेजारी हवी होतीस, बस.

पार्वतीबाई बोलल्या तेव्हा मात्र मला फार लाज वाटली. ठरवलं, या शनिवारी पोरीला जिंकवायचंच. शेवटी तू आणि सौरव उरलात. गठ्ठा अगदी तुझ्या मागे आला तेव्हा मी घाईघाईनं थांबले, आणि गाण्याचा शेवटचा सूर राहूनच गेला. तू बसलीच नाहीस! सौरव खुशाल आडवा झाला आणि तू धावत येऊन तो राहिलेला सूर वाजवलास. वर मलाच रागावलीस, “गाणं अर्धं काहून सोडलं?” अगं, त्या दिवशी मी तुला हरवलं नव्हतं. तुला जिंकण्याची आठवणच राहिली नव्हती.

तर माझी चोरी ही अशी. एवढी वर्षं तू स्वतःला कमनशिबी समजत राहिलीस, त्याची मनापासून माफी मागते. पण तुला शेजारी बसवलं याचा पस्तावा विचारशील, तर तो अजिबात नाही. फ्रॉकचं पिवळं कापड सोबत पाठवलंय, ते पार्वतीबाईंच्या हाती दे. येत्या शनिवारी आठला ये आणि माझ्या जागी बस. पहिल्या फेरीत पोरांबरोबर मीही धावणार आहे, रीनाची परवानगी काढलीय. छोटा टीव्ही समोरच ठेवायला सांगितलाय. मी गठ्ठ्यापासून लांब दिसले की हात उचल. मला पहिली आऊट कर, म्हणजे तुझ्या शेजारी येऊन बसता येईल.

तुझीच,
देवकीमावशी