नवे सोल

प्रिय चिमणे,

चार दिवस चाललो आणि आज चौथ्या मुक्कामावर बसून आहे. सगळे सकाळीच पुढे गेले, मी निघालो नाही. पाय ठीक आहेत, जेवणही जातं. आत मात्र काहीच होत नाही. दाढ काढायच्या आधी डॉक्टर सुई टोचतात ना, तसं झालंय.

वाटेत एक निवृत्त नर्सबाई आणि एक ट्रकचालक सोबत होते. बाई जपमाळ ओढत चालायच्या, तो वेळ झाली की रस्त्याकडेला चादर अंथरून नमाज पढायचा. मी कशातच नाही, नुसताच सोबतीला. ही यात्रा जिथे संपते तो सातव्या मुक्कामाचा झरा मात्र सगळ्यांचा एकच. माझ्या टाचेचा फोड बाईंनी साफ केला, पट्टी त्याने बांधली. कोणासाठी चालता, असं इथे प्रत्येकाला विचारतात. मी म्हणालो, बायकोसाठी. वहिनी मागून येतायत का, असं त्याने विचारलं आणि मी हो म्हणून मोकळा झालो. का म्हणालो, कोण जाणे.

दोन वर्षांपूर्वी तुझी आई याच यात्रेतून, इथूनच बसने परत आली होती. गुडघा धरला, असं तिने तुला सांगितलं. मोठ्या तोऱ्यात गेलीस आणि अर्ध्यावर आलीस, असं तू चिडवलंस. ती हसली, मीही हसलो. गुडघ्याला काही झालं नव्हतं. तिने मला बुटाची फक्त टाच शिवायला दिली होती. तिला खूश करायला मी दोन्ही सोल नवे घातले, जाड, ठेवणीतल्या चामड्याचे. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी बजावतो, नवा सोल महिनाभर वापरल्याशिवाय लांब चालू नका. घरच्या माणसाला सांगायचं राहिलं. दिव्याखाली अंधार. चौथ्या दिवशी तिच्या मोज्यांतून रक्त आलं. पुढच्या वर्षी पुन्हा जाईन म्हणाली, आणि पुढच्या वर्षी अंथरुणाला खिळली ती उठलीच नाही. मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

इथून पुढची वाट तिने पाहिलेली नाही, म्हणून माझा पाय उचलत नाही. तिच्या आधी मी कसा जाऊ? तिचे बूट तू वर्षभर कामावर घालतेस. सोल आता चांगले वळत असतील. ते घालून ये. रागावलीस तरी ये, वाटेत भांडू. तीनच मुक्काम राहिलेत. मी इथेच बसून आहे.

तुझाच,
बाबा